"नळाला झिणझिण्या येतात?" पावसाळ्यात लाईटच्या या चुका टाळा

मृगाचा पाऊस लागला की खानापूरपासून बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या गल्ल्यांपर्यंत एक तक्रार हमखास ऐकू येते: नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. त्यावर रबरी चप्पल घालून आंघोळ उरकणारे शहाणेही आपल्याकडे आहेत. गिझरच्या नाहीतर पंपाच्या बॉडीत करंट उतरलाय आणि त्याला जमिनीत जायला नीट वाट नाही, हे चपलेने कसं मिटणार? ती वाट म्हणजे अर्थिंग.

आमच्या कौलारू घरात न्हाणीतला बोर्ड तीन पिनचा होता. वायरमनने मेन बंद करून तो उघडला, तर वरच्या मोठ्या भोकामागे अर्थची वायरच नाही! "भोकं तीन, वायरी दोन," म्हणाला. जुन्या घरांत हे सर्रास सापडतं. त्याहून वाईट म्हणजे काही जण तिथे न्यूट्रलचाच, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीचाच, तुकडा जोडून मोकळे होतात. तपासायला बल्ब लावला तर तो झकास पेटतो, म्हणून कोणाला संशय येत नाही. पण मागे कुठे न्यूट्रल तुटली, की मशीनच्या पत्र्यावर थेट 230 व्होल्ट. तेव्हा बोर्ड उघडून वायर अर्थच्या खड्ड्यापर्यंत गेली आहे का, हे बघायला सांगा. खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी ओतत जा.

"आमच्याकडे एमसीबी आहे की!" असं सांगणाऱ्यांची तर गंमतच वाटते. एमसीबी म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारा खटका; तो वायर जळू नये म्हणून असतो. माणूस मरायला एक अँपिअरसुद्धा लागत नाही, आणि तेवढ्यावर 16 अँपिअरचा एमसीबी हलतही नाही. माणसासाठी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवा, म्हणजे थोडा करंट गळला तरी लाईन तोडणारा खटका. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. खटका पडला नाही तर तो बदलायचा.

पावसात आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून थेट जोडणी करून घेतात, ही तर हद्दच. सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवा. ज्याला पडेल त्या लाईनवरचे प्लग काढून दोषी शोधा. बहुतेकदा गिझर नाहीतर गच्चीवरचा दिवा निघतो. सगळे एमसीबी खाली असतानाही पडत असेल तर ओल भिंतीतल्या वायरिंगला लागली असेल, नाहीतर आरसीसीबीच बिघडला असेल. ते काम वायरमनचं.

पाणी तापलं का बघायला चालू हिटरच्या बादलीत बोट घालू नका. आधी बटण बंद, प्लग बाहेर, मग बोट. 1500 वॅटचा हिटर साडेसहा अँपिअर ओढतो, त्यामुळे 6 अँपिअरचा पॉइंट काळा पडणारच. कटआऊटमध्ये, म्हणजे फ्यूजमध्ये, तारेचे चार पदर पिळून घालायची खोडही सोडा.

कोणाला शॉक लागला तर त्याला धरायला धावू नका. पहिल्यांदा मेन बंद. रस्त्यात तार पडली असेल तर लांब थांबून आपल्याकडच्या वीज कंपनीच्या, हेस्कॉमच्या, 1912 वर फोन करा.

आणि कपडे वाळत घालायची ती लोखंडी तार! आमची एक बाजू मीटरला येणाऱ्या सर्व्हिस वायरच्या पाइपालाच बांधलेली होती. पत्र्याच्या कडेला घासून वायरचं आवरण गेलं, तर ओला टॉवेल टाकणारी पहिली आईच. आता नायलॉनची दोरी आहे. ओल्या गोधडीने ती झोळते म्हणून आई कुरकुरली, तर मधे बांबूचा टेकू दिला.