कैलास लेण्यावर वीस मिनिटं बोलायचंय? पुस्तकं या क्रमाने उघडा

व्याख्यानाची तारीख ठरली की बहुतेक जण आधी स्लाइडचं टेम्प्लेट निवडतात, मग फोटो गोळा करतात आणि इतिहास आदल्या रात्री वाचतात. क्रम नेमका उलटा हवा: आधी वास्तू, मग मुद्दा, शेवटी पडदा. हातात दहा संध्याकाळी असतील तर सहा पहिल्या कामाला द्या, अडीच दुसऱ्याला. स्लाइडना उरलेली दीड पुरते.

तिन्ही विषयांवर चांगली पुस्तकं आहेत, पण त्यातलं एकही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची गरज नाही. प्रत्येकाकडून एकच काम करून घ्यायचं. उदाहरणाला वेरूळचं १६ क्रमांकाचं लेणं, म्हणजे कैलास, घेऊ. श्रोते इतिहासाची आवड असलेले, पण वास्तुशास्त्राचं शिक्षण नसलेले.

आधी वास्तू

जगाच्या वास्तुकलेचा इतिहास म्हटलं की बॅनिस्टर फ्लेचर यांचा जाडजूड ग्रंथ समोर येतो. तो पहिल्यांदा १८९६ साली निघाला. नकाशे, छेद (वास्तू उभी कापून आतला भाग दाखवणारी चित्रं) आणि तुलना यांसाठी तो अजूनही उपयोगी आहे, पण जुनी आवृत्ती हाती आली तर जपून. १९०१ च्या आवृत्तीत भारतीय, चिनी, जपानी वास्तुकला चक्क ‘बिगर-ऐतिहासिक शैली’ या गटात टाकली आहे, आणि या ग्रंथाच्या जुन्या आवृत्त्यांतल्या प्रसिद्ध वृक्षचित्रात खोड ग्रीस-रोमचं, आपण बाजूची खुंटलेली फांदी. त्या चित्राची स्लाइड करायची असेल तर ती टीकेसाठी करा.

कैलाससाठी खरी कामाची पुस्तकं तीन. फर्ग्युसन आणि बर्जेस यांचं ‘केव्ह टेम्पल्स ऑफ इंडिया’ (१८८०) आणि बर्जेस यांचा वेरूळवरचा अहवाल (१८८३) यांत मोजून काढलेले आराखडे आहेत. दोन्ही आता स्वामित्वहक्काबाहेर असल्याने चित्रं निर्धास्त वापरता येतात. फर्ग्युसन यांची रेखाटनं घ्या. वंशावरून शैली ठरवण्याचा त्यांचा सिद्धान्त तिथेच ठेवा. तिसरं पर्सी ब्राउन यांचं ‘इंडियन आर्किटेक्चर’, मुंबईच्या तारापोरवाला प्रकाशनाचं. ते सलग वाचता येतं आणि शैलींचा क्रम डोक्यात बसतो, मात्र पुरातत्त्वाचं पुढचं संशोधन त्यात नाही. त्यासाठी म. के. ढवळीकरांचं वेरूळवरचं छोटं इंग्रजी पुस्तक (२००३) जोडीला घ्या. अधिष्ठान (जोतं), विमान (गाभारा आणि त्यावरचं शिखर), स्तूपिका (शिखराचा माथा) अशा शब्दांचे अर्थ मराठी विश्वकोशात पाहून घ्या. इंग्रजी संज्ञेचं घरगुती भाषांतर केलं की जाणकार श्रोता तिथेच कान टवकारतो.

वाचताना वहीत तीन रकाने आखा: पुरावा, अनुमान, दंतकथा. कैलासच्या बाबतीत हे फार गरजेचं आहे.

पुराव्याच्या रकान्यात राष्ट्रकूट कर्क सुवर्णवर्षाचा ८१२ सालचा बडोदा ताम्रपट येतो. एलापूरचं (म्हणजे वेरूळचं) हे देऊळ पाहून देवही थक्क झाले आणि खुद्द करणाऱ्यालाच ‘हे माझ्या हातून झालं कसं’ असं वाटलं, असं त्यात म्हटलं आहे. रा. गो. भांडारकरांनी १८८३ साली त्यावर लिहिताना देवळाचा संबंध पहिल्या कृष्णाशी (कारकीर्द अंदाजे इ. स. ७५६ ते ७७३) जोडला. काम त्याच्याआधी दंतिदुर्गाने सुरू केलं का आणि पुढच्या राजांनी किती भर घातली, हा वाद दुसऱ्या रकान्यात.

तिसऱ्यात येते कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’ या जुन्या मराठी ग्रंथातली गोष्ट: शिखर दिसेपर्यंत अन्न न घेण्याचं राणीचं व्रत आणि पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराने वरून खाली खोदायला घेतलेलं देऊळ. गोष्ट सुंदर आहे आणि जरूर सांगावी, पण ती गोष्ट आहे असं म्हणून. ‘अठरा वर्षांत पूर्ण’ आणि ‘दोन लाख टन दगड’ हे आकडे सगळीकडे फिरतात. पहिल्यामागे एकही शिलालेख नाही आणि दुसरा खड्ड्याच्या घनफळावरून काढलेला अंदाज आहे. अंदाजाला अंदाज म्हणा.

मापांचंही तसंच. चौक २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद आणि मागची भिंत १०७ फूट उंच, असं एका ठिकाणी सापडेल. दुसरीकडे ३०० बाय १७५ फूट. कुठून कुठपर्यंत मोजलं हे कळल्याशिवाय दोन पुस्तकांतली मापं एका स्लाइडवर आणू नका. एकच स्रोत धरा आणि मीटरमध्ये बदलून गोल करा: साधारण ८४ बाय ४७ मीटर, उंची ३३. अकरा मजली इमारत मावेल एवढा खड्डा, असं म्हटलं की सभागृहाला उंची दिसते.

मग मुद्दा

माहिती गोळा झाली म्हणजे व्याख्यान झालं नाही. ऐकणाऱ्याने घरी काय न्यायचं, ते एका वाक्यात लिहा. ‘कैलास लेण्याची ओळख’ हा मुद्दा नाही, तो मथळा आहे. मुद्दा असा हवा: ‘कैलास एकाएकी उगवलेलं आश्चर्य नाही; कांची, पट्टदकल आणि वेरूळ अशी त्याची वंशावळ दगडात वाचता येते.’ ज्याला कुणी नाही म्हणू शकेल, तोच मुद्दा.

इथे दोन पुस्तकं कामाची. ॲरिस्टॉटलच्या ‘ऱ्हेटरिक’मधला पहिल्या भागाचा दुसरा अध्याय तेवढा वाचा. मन वळतं ते बोलणाऱ्याच्या विश्वासार्हतेने, ऐकणाऱ्याच्या भावनेने आणि युक्तिवादाने, ही मांडणी तिथली. आपल्या विषयात विश्वासार्हता वाढवण्याचा सोपा मार्ग म्हणजे वहीतले तीन रकाने श्रोत्यांसमोर उघड ठेवणं. दुसरं बार्बरा मिंटो यांचं ‘पिरॅमिड प्रिन्सिपल’: उत्तर वर, त्याखाली आधार, प्रत्येक आधाराखाली पुरावे. पुस्तक कचेरीतल्या अहवालांसाठी आहे आणि भाषा रुक्ष, पण पहिली काही प्रकरणं पुरतात.

आपला पिरॅमिड असा होतो. वर वंशावळीचं वाक्य. खाली तीन आधार. एक, आराखडा: गोपुर, नंदीमंडप, सोळा खांबांचा मंडप आणि विमान हा क्रम पट्टदकलच्या विरूपाक्ष देवळाशी जुळतो. दोन, घटक: विमानाच्या थरांवरच्या चौकोनी ‘कूट’ आणि लांबट ‘शाला’ या छोट्या देवळ्या कांचीचं कैलासनाथ, पट्टदकलचं विरूपाक्ष आणि वेरूळ अशा तिन्ही ठिकाणी ओळखता येतात. हे नजरेला शिकवायचं असेल तर भारतीय देवळांच्या वास्तुकलेचे अभ्यासक ॲडम हार्डी यांची रेखाचित्रं पाहा. तीन, राजकारण: चालुक्य दुसऱ्या विक्रमादित्याने पल्लवांची कांची जिंकली, त्या विजयासाठी राणी लोकमहादेवीने पट्टदकलचं देऊळ उभारलं, आणि चालुक्यांना हटवून राष्ट्रकूट आले. आक्षेपाचं उत्तरही आधीच तयार ठेवा. ‘पण कैलास तर खोदलेलं, बाकीची दोन बांधलेली!’ हो, आणि म्हणूनच मुद्दा बळकट होतो, कारण बांधकामातले थर, कोनाडे, छपरं गरज नसताना दगडात उतरवली आहेत.

मन वळवण्याच्या मानसशास्त्रावरची विक्रीछाप पुस्तकं इथे बाजूला ठेवा. देऊळ विकायचं नाही.

संहिता लिहिताना इंग्रजी लेखनावरच्या पुस्तकांचे लेखक स्ट्रंक आणि झिन्सर यांचा ‘अनावश्यक शब्द काढा’ हा सल्ला घ्या, पण मराठीतली अडगळ वेगळी असते. ती विशेषणांत कमी आणि ‘करण्यात आली’मध्ये जास्त. ‘मंदिराची निर्मिती करण्यात आली’ऐवजी ‘देऊळ कोरलं’. ‘बांधलं’ तर इथे चुकीचंच. संहितेत ‘बांधलं’ शोधून एकेक तपासा. सावकाश बोलताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द जातात. चित्रांवर थांबणं धरून वीस मिनिटांना १,७०० ते १,८०० शब्द बस्स. घड्याळ लावून एकदा मोठ्याने वाचाच. मनात वाचलं की वेळ नेहमी कमी भरतो.

शेवटी पडदा

गार रेनल्ड्स यांचं ‘प्रेझेंटेशन झेन’ (२००८) सांगतं, स्लाइडवर एकच कल्पना, शब्द कमी, चित्र मोठं. एडवर्ड टफ्टी यांचा २००३ चा पॉवरपॉइंटवरचा टीकालेख सांगतो, तपशील चिरडू नका, कागद द्या. दोघांचं भांडण वास्तुकलेपुरतं सहज मिटतं. पडद्यावर मोठी चित्रं ठेवा आणि श्रोत्यांच्या हाती ए-३ आकाराचा एक कागद द्या: पुढे आराखडा, मागे छेद. मोजपट्टी दोन्हीवर हवी, आणि आराखड्यावर उत्तर दिशेचा बाणही. कैलास पश्चिमाभिमुख आहे; बाण नसेल तर निम्मं सभागृह आराखडा उलटा वाचतं.

स्लाइड सोळा ते अठरा. स्लाइडवरचं वाक्य वाचून दाखवू नका, कारण एकच मजकूर कानांनी आणि डोळ्यांनी एकाच वेळी घेताना दोन्ही अर्धवट राहतात. देवनागरी अक्षर २८ पॉइंटच्या खाली नको, आणि ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा; नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. जुने बिगर-युनिकोड फॉन्ट दुसऱ्या संगणकावर हमखास फुटतात, म्हणून युनिकोड फॉन्ट वापरा आणि पीडीएफची प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.

काळ्या बेसाल्टचे फोटो लॅपटॉपवर छान दिसतात आणि प्रोजेक्टरवर चिखल होतात. सावल्या दोन पायऱ्या उजळून घ्या आणि शक्य तितके दुपारनंतरच्या पश्चिम उजेडातले फोटो निवडा. जिथे फोटो हरतो तिथे जेम्स वेल्स यांच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियल यांनी १८०३ साली छापलेली वेरूळची चित्रं लावा. कूट-शाला दाखवताना तर फोटोऐवजी पांढऱ्यावर काळं रेखाचित्रच हवं. तिन्ही देवळांची विमानं एकाच प्रमाणात, शेजारी-शेजारी: सगळ्या व्याख्यानात ही एकच स्लाइड किमान दोन मिनिटं हलवायची नाही.