स्वतः बांधत असलेल्या विमानासाठी इंजिन घेताना वॉरंटी कशी तपासावी

विमान घरी बांधणाऱ्याच्या हिशेबात इंजिन हा बहुतेक वेळा सगळ्यात मोठा आकडा असतो. तरी हॉर्सपॉवर, वजन, पेट्रोलचा खप यांवर महिनोन्महिने खल होतो आणि वॉरंटीचा कागद मात्र पैसे भरून झाल्यावर उघडला जातो. खरं तर तो आधी वाचायला हवा. कारखान्यातून तयार होऊन आलेल्या विमानात इंजिन कसं बसवायचं हे विमान बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेलं आणि तपासलेलं असतं. तुमच्या विमानात ते काम तुम्ही केलेलं असतं. त्यामुळे काही बिघडलं की पहिला वाद याच मुद्द्यावर होतो: दोष इंजिनात होता की बसवण्यात? वॉरंटी साहित्यातल्या आणि कारागिरीतल्या दोषापुरती असते, आणि कारागिरी म्हणजे इंजिन बनवणाऱ्याची, तुमची नव्हे.

सुरुवात आपण नेमकं काय घेतोय हे ठरवण्यापासून करा. टाइप सर्टिफिकेट (विमान नियामकाची रचनेला मान्यता) असलेलं नवं इंजिन, त्याच घडणीचं पण एक्स्पेरिमेंटल, म्हणजे घरी बांधलेल्यांसारख्या, विमानांसाठी विकलं जाणारं इंजिन, कारखान्याने रीबिल्ट केलेलं (नव्याच्या मापात पुन्हा बांधलेलं), एखाद्या वर्कशॉपने ओव्हरहॉल केलेलं (खोलून, तपासून, झिजलेले भाग बदलून जोडलेलं), मोटारीच्या इंजिनावरून बनवलेलं, किंवा सरळ जुनं. प्रत्येकाची वॉरंटी वेगळी. अमेरिकी नियमांनुसार जुन्या इंजिनाचं लॉगबुक शून्य तासांपासून सुरू करण्याची मुभा मूळ उत्पादकाने किंवा त्याने मान्यता दिलेल्या संस्थेने रीबिल्ट केलेल्या इंजिनालाच आहे. वर्कशॉपने ओव्हरहॉल केलेल्या इंजिनाला ‘झिरो टाइम’ म्हणून कुणी विकत असेल तर तिथेच थांबून कागद मागा. मोटारीच्या इंजिनाबाबत मोटार कंपनी विमानातल्या वापराची जबाबदारी घेईल अशी आशा धरू नका. तिथे जे इंजिन विमानासाठी तयार करून देतात त्यांचीच हमी, आणि ती त्यांच्या धंद्याइतकीच टिकाऊ. जुनं इंजिन ‘आहे तसं’ या अटीवर घेतलं तर वॉरंटी नाहीच असं समजून भाव ठरवा.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: वॉरंटीचं घड्याळ कधी सुरू होतं? इंजिन कारखान्यातून निघालं त्या दिवशी, तुमच्या हातात पडलं त्या दिवशी, की पहिल्यांदा सुरू केलं त्या दिवशी? कारखान्याच्या विमानात या तारखांमध्ये फारसं अंतर नसतं. घरी बांधलेल्या विमानात ते काही वर्षांचं असू शकतं. पंख अजून उघडे, कॉकपिटमध्ये वायरिंगचा पत्ता नाही आणि इंजिन मात्र कोपऱ्यात खोक्यात पडून. अशा वेळी पहिलं उड्डाण होण्याआधीच वॉरंटी संपून जाते. काही कंपन्या पहिल्या वापरापासून मुदत मोजतात, पण त्यालाही पाठवणीपासूनची कमाल मर्यादा घालतात. दोन्ही आकडे लेखी घ्या. इंजिन मिळायला किती वेळ लागतो हे विचारून मागणी शक्य तितकी उशिरा, म्हणजे फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिट यांमधल्या आगरोधक भिंतीच्या) पुढचं काम हातात येईल तेव्हा नोंदवा. इंजिन माउंट किंवा काउलिंगची (इंजिनावरच्या आवरणाची) मापं घेण्यासाठी हवं असेल तर नुसतं रिकामं क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवच, उसनं मिळतं का बघा.

इंजिन पडून राहणारच असेल तर त्याची जपणूक हासुद्धा वॉरंटीचाच भाग आहे. आत गंज चढला तर कोणताही उत्पादक त्याला दोष मानणार नाही. लायकमिंग या विमान इंजिन बनवणाऱ्या कंपनीने साठवणीसाठी सर्व्हिस लेटर 180 काढलेलं आहे. त्यात प्रिझर्व्हेटिव्ह ऑइल, ओल शोषणारे डेसिकंट प्लग आणि तोंडं बंद करणं हे सगळं सांगितलं आहे. स्पार्क प्लगच्या जागी बसवलेल्या या प्लगमधले दाणे निळ्याचे गुलाबी झाले की आत ओल शिरली आहे असं समजा आणि प्लग बदला. प्रत्येक तपासणीचा तारखेसह फोटो ठेवा. आणि प्रॉपेलर हाताने फिरवून बघायचा मोह आवरा. सिलिंडरच्या भिंतीवरचा संरक्षक तेलाचा थर त्याने पुसला जातो.

पुढे, पैसे कशाकशाचे मिळणार ते बघा. सुटा भाग फुकट मिळेल, पण इंजिन काढण्या-बसवण्याची मजुरी, दोन्ही बाजूंची वाहतूक, त्या भागामुळे मोडलेलं बाकीचं विमान? हे बहुधा वगळलेलं असतं. काही वॉरंटीत तास वाढतील तसा तुमचा वाटा वाढत जातो. मॅग्नेटो, कार्ब्युरेटर, स्टार्टर, अल्टरनेटर यांची हमी अनेकदा त्या त्या बनवणाऱ्याकडे असते. टीबीओ (दोन ओव्हरहॉलमधला काळ) म्हणजे हमी नव्हे, हेही लक्षात असू द्या. उदाहरणार्थ 2000 तास दिले असतील तर तो ओव्हरहॉलसाठी सुचवलेला कालावधी आहे, तितके तास इंजिन चालेल असं वचन नाही.

बसवण्याचा भाग इथे येतो आणि इथेच सर्वाधिक दावे नाकारले जातात. इन्स्टॉलेशन मॅन्युअल ओळ न् ओळ पाळा, आणि पाळलं हे दाखवता येईल असं काम करा. लायकमिंगच्या बऱ्याच इंजिनांत सिलिंडर हेडची कमाल मर्यादा 260 अंश सेल्सिअस असते. बॅफलच्या (थंड हवा सिलिंडरांवर वळवणाऱ्या पत्र्यांच्या) फटीतून हवा निसटली तर ही मर्यादा पहिल्या काही उड्डाणांतच ओलांडली जाऊ शकते. म्हणून प्रत्येक सिलिंडरवर सेन्सर आणि नोंद साठवणारा इंजिन मॉनिटर पहिल्या दिवसापासून लावा. रोटॅक्स कंपनीच्या 912 मालिकेतल्या इंजिनांत पहिल्यांदा सुरू करण्याआधी ऑइल सिस्टिममधली हवा सांगितलेल्या पद्धतीने काढावी लागते, नाहीतर हायड्रॉलिक टॅपेटमध्ये (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागात) हवा राहून व्हॉल्व्ह हलवणाऱ्या यंत्रणेचं नुकसान होऊ शकतं. हे काम तुमच्या लॉगबुकात सहीनिशी असायला हवं.

ब्रेक-इनबद्दल, म्हणजे नवं इंजिन पहिले काही तास ठरावीक पद्धतीने चालवण्याबद्दल, तर मी आग्रहानेच सांगेन. नव्या एअर-कूल्ड इंजिनाच्या पिस्टन रिंगा सिलिंडरला नीट बसायला ताकदीने चालवणं लागतं. विमान बांधणाऱ्याला मात्र जमिनीवर इंजिन सुरू करून बघायची, टॅक्सी करायची, मित्रांना आवाज ऐकवायची घाई असते. कमी ताकदीवर, अपुऱ्या थंड हवेत असं वारंवार चालवलं तर सिलिंडरच्या भिंतीवर चकाकी चढते, रिंगा बसत नाहीत आणि तेल जळत राहतं. मग दावा केला तर उत्तर ठरलेलं. जमिनीवरच्या चाचण्या कमीत कमी ठेवा. कोणतं तेल, किती तास, किती ताकद हे उत्पादकाच्या लेखी सूचनेतून घ्या. इंजिन चाचणीसाठी कारखान्यातच चालवून आलं आहे का तेही विचारा. वेगळं इलेक्ट्रॉनिक इग्निशन, वेगळं पिस्टन किंवा यादीबाहेरचं प्रॉपेलर लावायचं असेल तर आधी ईमेलवर परवानगी घ्या. विक्रेत्याने फोनवर दिलेला होकार वादाच्या वेळी सापडत नाही.

इंजिन आलं की सीरियल नंबर तुमच्या नावावर नोंदवा. हे फक्त वॉरंटीपुरतं नाही. 2019 मध्ये सुपिरिअर एअर पार्ट्स या अमेरिकी कंपनीने एक्सपी-400 आणि एक्सपी-382 ही एक्स्पेरिमेंटल विमानांसाठीची इंजिनं उडवू नका असं सांगून ती परत विकत घ्यायचं ठरवलं. अशी सूचना तुमच्यापर्यंत वेळेत पोचायला तुमचा पत्ता त्यांच्याकडे हवा.

आणि बिघाड झालाच तर? उडणं थांबवा. काहीही खोलू नका. आधी फोटो, मॉनिटरचा डेटा, ऑइल फिल्टरमध्ये धातूचे कण दिसले असतील तर तो फिल्टर पिशवीत सीलबंद करून ठेवा. मग मुदतीत लेखी कळवा आणि दुरुस्तीची मंजुरी हातात आल्याशिवाय कुठल्याही वर्कशॉपला काम देऊ नका. विमान वॉरंटीच्या काळातच विकायचं झालं, तर ती पुढच्या मालकाकडे जाते का आणि त्यासाठी कुठला अर्ज लागतो, हे सौदा ठरण्याआधी विचारून घ्या.