गेमचं चित्र सुंदर, तरी क्लिक होत नाही? कॅप्सूल आर्टमधल्या या चुका टाळा

स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, गेम शोधणारा माणूस यादी भराभर खाली सरकवत असतो. तुमचा ट्रेलर, स्क्रीनशॉट, मेहनतीने लिहिलेलं वर्णन यातलं काहीही त्याच्यासमोर नसतं. असतं ते फक्त एक छोटं चित्र. स्टीम त्याला ‘कॅप्सूल’ म्हणतं. तुम्ही दिलेलं ४६२×१७४ पिक्सेलचं स्मॉल कॅप्सूल स्टीम स्वतः लहान करून १८४×६९ आणि काही ठिकाणी चक्क १२०×४५ मापात दाखवतं. बहुतेक चुका इथेच जन्मतात. चित्र पास होतं आर्टिस्टच्या मोठ्या मॉनिटरवर आणि गिऱ्हाइकाला दिसतं नखाएवढं.

एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. समजा, गेम धरणाचे दरवाजे सांभाळण्याचा आहे. पाऊस वाढतोय, कोणता दरवाजा किती उघडायचा ते ठरवायचं, खालची गावं वाचवायची. नाव ‘द कीपर ऑफ द सेव्हन्थ गेट’.

नाव वाचताच येत नाही

सगळ्यात महाग पडणारी चूक ही, म्हणून तिच्यावर जास्त वेळ घालवू. हे नाव इंग्रजीत मोकळ्या जागा धरून ३० अक्षरांचं होतं. १२० पिक्सेल रुंदीत एका ओळीत बसवलं तर प्रत्येक अक्षराच्या वाट्याला ४ पिक्सेल येतात. इतक्या जागेत कुठलाही फॉन्ट वाचता येत नाही. दोन ओळी करून वर ‘सेव्हन्थ’ आणि खाली ‘गेट’ घेतलं, तर सात अक्षरांना प्रत्येकी साधारण १७ पिक्सेल मिळतात आणि नाव एकदम उघडतं. उरलेले शब्द मात्र त्या मापात बारीक रेघेसारखेच दिसणार. म्हणून नाव अजून पक्कं झालं नसेल तर ‘सेव्हन्थ गेट’ एवढंच ठेवा. छोटं नाव हा कॅप्सूलला मिळालेला सगळ्यात मोठा फायदा आहे.

अक्षरांच्या जाडीचंही गणित करून घ्या. ४६२ चं १२० होताना चित्र साधारण २६ टक्क्यांवर येतं, म्हणजे मूळ फाइलमधली ४ पिक्सेलची रेघ १ पिक्सेलची होते आणि मागच्या रंगात विरते. मूळ फाइलमध्ये अक्षराची सगळ्यात बारीक रेघ ८ पिक्सेलच्या खाली जाऊ देऊ नका. अक्षरांवरचे ओरखडे, गंज, पाण्याचे थेंब हे सजवलेलं काम मोठ्या मापांत खुशाल ठेवा; स्मॉल कॅप्सूलसाठी लोगोची, म्हणजे चित्रातल्या नावाची, साधी, जाड आवृत्ती वेगळी काढा. त्या मापात लोगोने जवळजवळ सगळी जागा व्यापली तरी चालतं. स्टीमची स्वतःची सूचनाही तशीच आहे.

लोगो देवनागरीत असेल तर आणखी तीन गोष्टी तपासा. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात, म्हणून ट्रॅकिंग शून्यावर ठेवा. फोटोशॉपमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जात असेल किंवा जोडाक्षर हलंत होऊन सुटं पडत असेल, तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ लेआउट निवडा. जुने बिगर-युनिकोड फॉन्ट मात्र वापरू नका, कारण फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की मजकुराचा कचरा होतो. शिवाय ‘ष्ट्र’, ‘द्ध’ अशा अक्षरांच्या आतल्या पोकळ्या लहान मापात बुजतात. अशा अक्षरांच्या पोकळ्या हाताने थोड्या मोकळ्या कराव्या लागतात.

एकच चित्र सगळीकडे कापून लावणं

स्टीमला हेडर (गेमच्या पानावर वर दिसणारं चित्र) ९२०×४३०, मेन कॅप्सूल १२३२×७०६, उभं कॅप्सूल ७४८×८९६ आणि लायब्ररीसाठी (विकत घेतलेल्या गेमच्या यादीसाठी) ६००×९०० लागतं. एक लांबट पट्टी, एक जवळजवळ पोस्टर. आडवं चित्र कापून उभं केलं की नेमका माणसाचा खांदा आणि अर्धा दरवाजा हाती लागतो. (४६०×२१५ अशी मापं सांगणारी जुनी ट्युटोरियल अजून फिरतात. ती आताच्या मापांच्या निम्मी आहेत. तसं चित्र ताणून मोठं केलं की कडा लगेच मऊ दिसतात.)

यावर उपाय सुरुवातीलाच करावा लागतो. आर्टिस्टकडून फाइल थरांमध्ये घ्या: पार्श्वभूमी, मुख्य पात्र किंवा वस्तू, पुढचे धुके-पाऊस-ठिणग्या, आणि लोगो, हे सगळं सुटं. पार्श्वभूमी चारही बाजूंना भरपूर जास्तीची रंगवून मागा. पात्रामागची जागाही पूर्ण रंगवलेली हवी, नाहीतर पात्र सरकवल्यावर मागे भोक दिसतं. हे सगळं काम ठरवतानाच करारात लिहा. नंतर मागितलं तर ते वेगळं काम होतं आणि त्याचे पैसेही वेगळे पडतात.

कच्ची रेखाटनंही लहान मापातूनच सुरू करा. आधी स्मॉल कॅप्सूलचे चार-पाच ठोकळेबाज आराखडे, मग हेडर, मग बाकीची मापं. मोठ्या चित्रात तपशील नंतर भरता येतो. लहान चित्रातून तो काढताना मात्र मांडणीच मोडते.

अंधारात अंधार

स्टीमचं पान गडद निळसर-काळं आहे. आपल्या धरणाच्या गेममध्ये रात्र, पाऊस आणि काळा दगड आहे. तिन्ही मिळून चित्राची कडा पानात विरघळते आणि यादीत तिथे भोक पडल्यासारखं दिसतं. रंगीत मॉनिटरवर हे चटकन कळत नाही, कारण निळा आणि हिरवा आपल्याला वेगळे दिसतात. दोघांची उजळी मात्र सारखीच असू शकते. म्हणून सगळ्यात वर एक थर टाकून चित्र पूर्ण राखाडी करा आणि १२० पिक्सेल रुंदीवर आणून बघा. मुख्य आकार राखाडी रंगातही मागच्या भागापासून सुटा दिसला पाहिजे. दिसत नसेल तर रंग बदलत बसू नका, उजेड बदला. दरवाजामागे विजेचा एक पांढुरका पट्टा टाकला की त्याचा सगळा काळा आकार उठून येतो.

बघायचं ते एकट्या चित्राकडेही नाही. आपल्या प्रकारच्या गेमची स्टीमवरची यादी उघडा, स्क्रीनशॉट घ्या, त्यातल्या एका चित्रावर आपलं चित्र त्याच मापात चिकटवा आणि फोनवर हातभर अंतरावरून बघा.

चित्र दुसऱ्याच गेमचं वाटतं

धरणाच्या गेमसाठी पहिली कल्पना हमखास ही सुचते: पावसात कंदील धरून उभा असलेला एकटा माणूस, मागे प्रचंड भिंत. चित्र देखणं होतं, पण बघणाऱ्याला तो भुताटकीचा गेम वाटतो. भुताटकी हवी असलेला येतो आणि पाण्याचे आकडे बघून परत जातो; नियोजनाचे गेम आवडणारा आधीच पुढे सरकलेला असतो. काहींनी विकत घेतलाच, तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला गेम स्टीमवर परत करता येतो, हेही ध्यानात ठेवा.

खेळणारा काय करतो ते क्रियापद चित्रात दिसू द्या. इथे तो दरवाजे फिरवतो. मग चाकावर घट्ट पकडलेले दोन हात, त्यापलीकडे उसळणारं पाणी, आणि खाली दरीत गावाचे चार पिवळे दिवे. तिन्ही गोष्टी हेडरसारख्या मापात टिकतात आणि काय पणाला लागलंय तेही कळतं. मात्र स्मॉल कॅप्सूलमध्ये गावाचे दिवेही वगळा. चाक आणि नाव पुरे.

कोरा स्क्रीनशॉट घेऊन त्यावर नाव टाकणं हीही याच जातीची चूक. स्क्रीनशॉटमधला तपशील पूर्ण पडद्यासाठी बनवलेला असतो, त्यात नजर ठरत नाही.

नियमात न बसणारा मजकूर

१ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमच्या कॅप्सूलवर गेमचं चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच चालतं. समीक्षेतले गुण, पुरस्कारांची नावं, सवलतीची जाहिरात, दुसऱ्या गेमचा उल्लेख, हे सगळं बाद. मोठ्या अपडेटची माहिती द्यायची असेल तर तात्पुरतं बदली चित्र लावता येतं, जास्तीत जास्त एक महिना, आणि त्यावरचा मजकूर गेमच्या भाषांमध्ये अनुवादित हवा. रक्तपात किंवा नग्नता कॅप्सूलवर नको, गेम प्रौढांसाठी असला तरीही.

लायब्ररीत गेमच्या पानावर वर पसरलेल्या ३८४०×१२४० च्या ‘हीरो’ चित्रावर नाव टाकू नका. लोगो तिथे पारदर्शक पीएनजी म्हणून वेगळा चढतो. तुम्ही नाव आधीच टाकलं असेल तर ते दोनदा दिसतं. महत्त्वाचं सगळं मधल्या ८६०×३८० भागात ठेवा, बाकीचं खिडकीच्या मापानुसार कापलं जातं. कॅप्सूलच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर स्टीम स्वतःची विशलिस्टची (पुढे घ्यायच्या गेमच्या यादीची) पट्टी लावतं, तेव्हा लोगोचं पहिलं अक्षर तिथे टेकवू नका.

पिक्सेल आर्टची खास अडचण

२३१×८७ मध्ये काढून दुप्पट केलेलं चित्र तुमच्याकडे काटेकोर दिसतं. पण १८४ वर आणताना प्रमाण पूर्णांकात राहत नाही. काही पिक्सेल जाड, काही बारीक होतात आणि अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात. लहान मापासाठी लोगो गुळगुळीत अक्षरांचा करा आणि पिक्सेलची छाप चित्रात मोठ्या ठोकळ्यांनी राखा. रंग फिके किंवा वेगळेच येत असतील तर फाइल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या रंगपद्धतीत) आहे का ते आधी बघा, एसआरजीबी (पडद्याची रंगपद्धत) हवी. इच.आयओ या गेमच्या दुसऱ्या साइटवरच्या कव्हरसाठी ६३०×५०० हे वेगळं, चौकोनाकडे झुकणारं माप आहे. स्टीमचं हेडर तिथे डकवू नका.

दोष खरंच कॅप्सूलचा आहे का?

चित्र बदलण्याआधी स्टीमवर्क्स या डेव्हलपरसाठीच्या भागातले ट्रॅफिकचे आकडे उघडा. इम्प्रेशन्स (चित्र किती वेळा दिसलं ते) भरपूर पण क्लिकचं प्रमाण कमी, तर संशय कॅप्सूलवर. क्लिक होतात पण विशलिस्ट वाढत नाही, तर ट्रेलर आणि पहिले स्क्रीनशॉट तपासा. इम्प्रेशन्सच कमी असतील तर चित्राला हात लावू नका, टॅग बघा.

गूगल प्लेवर एकाच वेळी दोन आयकॉन दाखवून तुलना करता येते. स्टीमवर जुनं आणि नवं मागेपुढेच मोजावं लागतं. म्हणून बदलाची तारीख लिहून ठेवा, आधीचे दोन आठवडे आणि नंतरचे दोन आठवडे घ्या, आणि तुलना एकाच स्रोताची करा: शोध यादीतले क्लिक शोध यादीशीच. सेल किंवा नेक्स्ट फेस्टचे (स्टीमच्या डेमो-महोत्सवाचे) दिवस यात आले तर तो हिशेब सोडून द्या आणि पुढच्या शांत आठवड्यापासून नव्याने मोजा.