ट्रॅक्टर चालवताना कानांचे संरक्षण
हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना ओरडावे लागत असेल, तर आवाज 85 डेसिबलच्या वर गेला आहे असे समजावे. 85 डेसिबलच्या आवाजात राहायला दिवसाला 8 तासांची मर्यादा मानतात. पुढे दर 3 डेसिबलला ती निम्मी होत जाते, म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटे उरतात. कापसाचे बोळे निरुपयोगीच. फोमचा इअरप्लग स्वच्छ बोटांनी वळून बारीक करावा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर व मागे ओढावा आणि प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. प्लग सैल बसतो तो बहुधा इथल्या घाईमुळे. इअरमफ म्हणजे पूर्ण कान झाकणारी गादीची झाकणे; त्यांच्या गादीखाली चष्म्याची काडी किंवा टोपीची कड अडकू देऊ नये. फुटका सायलेन्सर मात्र आधी बदलावा.