पाण्याने थंड राहणारा संगणक घरी कसा जोडावा

नागपूर किंवा जळगावला मे महिन्यात खोलीचे तापमान ३८ अंश असेल, तर संगणकात फिरणारे पाणी ३८ अंशांच्या खाली कधीही येणार नाही, ही गोष्ट खर्च करण्याआधी मनाशी पक्की करावी. पाणी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावरची उष्णता उचलते, रेडिएटरपर्यंत नेते आणि तिथे पंखे ती खोलीतल्या हवेत सोडतात. पूर्ण भारावर पाणी खोलीपेक्षा साधारण १० अंशांनी गरम राहिले, तर जोडणी चांगली झाली असे समजावे. पाणी हवेपेक्षा थंड होत नसल्यामुळे पावसाळ्यात कोकणातल्या दमट हवेतही नळ्यांवर दव धरत नाही, त्यामुळे ती भीती बाळगू नये.

हिशेबाला सुरुवात उष्णतेपासून करावी. उदाहरणादाखल रायझन ९ ७९५०एक्स हा प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०८० हे ग्राफिक्स कार्ड घेऊ. पहिला पूर्ण भारावर सुमारे २३० वॅट आणि दुसरे ३२० वॅट वीज खाते, म्हणजे दोन्ही मिळून ५५० वॅट उष्णता पाण्यात उतरते. एका भागासाठी १२० मिलिमीटरचा एक पंखा मावेल एवढा रेडिएटर आणि वर एक जादा, हा रूढ हिशेब काम भागवण्यापुरता आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंखे हळू फिरावेत आणि आवाज नको असे वाटत असेल, तर ३६० मिलिमीटरचे दोन रेडिएटर घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. खरा फायदा ग्राफिक्स कार्डाला होतो, हेही आधीच सांगून ठेवतो. या प्रोसेसरवरचे धातूचे झाकण जाड असल्यामुळे त्याच्या आतली उष्णता बाहेर येतानाच अडते आणि वर कितीही उत्तम ब्लॉक (आतून पाणी वाहणारा, उष्णता उचलणारा धातूचा ठोकळा) बसवला तरी फरक मर्यादितच पडतो. ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक मात्र थेट चिपवर बसतो.

पाणी आधी प्रोसेसरकडे न्यावे की कार्डाकडे, यावर पुष्कळ वाद होतो; त्याचे उत्तर साध्या गणिताने मिळते. मिनिटाला ४ लिटर प्रवाह असेल, तर ५५० वॅट उष्णतेने एका फेरीत पाण्याचे तापमान जेमतेम २ अंशांनी वाढते. म्हणून नळ्या कमी लांबीच्या आणि कमी वळणांच्या राहतील असाच क्रम ठेवावा. पाळायचा नियम एकच: रिझर्व्हायर, म्हणजे पाणी साठवणारी छोटी टाकी, पंपाच्या वर असावा आणि त्यातले पाणी थेट पंपात उतरावे. अशा जोडणीत नेहमी वापरल्या जाणाऱ्या डी५ पंपाचे बेअरिंग आतल्या पाण्यावरच वंगण घेते, त्यामुळे तो काही क्षणसुद्धा कोरडा चालवू नये.

धातूंच्या बाबतीत तडजोड करू नये. तांबे, पितळ आणि निकेलचा मुलामा असलेले भाग एकत्र चालतात. त्यांच्यात अॅल्युमिनियमचा एकही भाग आला, की पाण्याच्या माध्यमातून दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होऊन अॅल्युमिनियम झिजते आणि तो गाळ ब्लॉकच्या केसाएवढ्या खाचांमध्ये जाऊन बसतो. स्वस्तातला रेडिएटर घेताना म्हणूनच तो कशाचा आहे हे विचारून घ्यावे. नळ्यांमध्ये पारदर्शक ताठ नळ्या दिसायला देखण्या असतात, पण पहिल्याच वेळी त्या तापवून वाकवण्याच्या फंदात पडू नये. आतून १० आणि बाहेरून १६ मिलिमीटरची काळी ईपीडीएम रबराची नळी घ्यावी. पारदर्शक पीव्हीसी नळीतून प्लॅस्टिक मऊ ठेवणारा पदार्थ हळूहळू पाझरतो आणि ब्लॉकमध्ये चिकट थर धरतो. या रबराचा तसा त्रास नाही.

नवा रेडिएटर स्वच्छच असणार, असे गृहीत धरणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. कारखान्यात डाग देताना (सोल्डर करताना) वापरलेले फ्लक्स हे रसायन आणि धातूचे कण आत राहिलेले असतात. रेडिएटरमध्ये गरम डिस्टिल्ड वॉटर अर्धे भरावे, दोन्ही तोंडे बंद करावीत, पाच मिनिटे खळखळून हलवावे आणि ते पाणी पांढऱ्या मलमलीच्या फडक्यातून गाळावे. माझ्या एका रेडिएटरच्या पहिल्या धुण्यात फडक्यावर मोहरीएवढे काळे कण आणि एक चकचकीत कथलाचा थेंब निघाला होता. सातव्या वेळी फडके कोरे राहिले. ते कोरे राहीपर्यंत थांबू नये. नळाचे किंवा बोअरचे पाणी शेवटच्या खळबळण्यालाही वापरू नये, कारण त्यातले क्षार आतच वाळतात.

ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक घेताना कार्डाचे मॉडेल अक्षरन् अक्षर जुळवावे. एकाच चिपच्या दोन कंपन्यांच्या कार्डांवर भागांची मांडणी वेगळी असू शकते. कार्ड उघडल्याने वॉरंटी जाते का, हेही आधी पाहावे. मूळ कूलर काढताना स्क्रू लहान पिशव्यांमध्ये वेगवेगळे ठेवावेत, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि थर्मल पॅड (उष्णता पुढे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) ब्लॉकसोबतच्या पुस्तिकेत दिलेल्या जाडीचेच लावावेत. १ मिलिमीटरच्या जागी दीड मिलिमीटरचा पॅड लागला, तर ब्लॉक चिपवर नीट टेकत नाही आणि तापमान वाढण्याचे कारण शोधता शोधता दिवस जातो. स्क्रू कर्णरेषेत, थोडेथोडे करून आवळावेत.

नळी ब्लॉकला, रेडिएटरला किंवा पंपाला जोडणाऱ्या तुकड्याला फिटिंग म्हणतात; त्याचे आटे जी १/४ या ठरलेल्या मापाचे असतात. गळती थोपवण्याचे काम ओ-रिंग (रबराची गोल कडी) करते, आट्यांचा जोर नव्हे. म्हणून फिटिंग हातानेच घट्ट करावे, पान्याने रेटू नये आणि टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. प्रत्येक ओ-रिंग बसवण्याआधी ओल्या बोटाने फिरवून पाहावी. तिच्यावर चिकटलेला एक केससुद्धा गळतीला पुरतो. नळी कटरने काटकोनात कापावी आणि सर्वांत खालच्या जागी पाणी सोडण्यासाठी एक बॉल व्हॉल्व्ह आत्ताच बसवून घ्यावा.

आता चाचणी. हातपंप आणि दाबमापक असेल, तर आधी अर्धा बार हवा भरून अर्धा तास काटा पाहावा. काटा हलला नाही तरच पाणी भरावे. पाणी भरताना मदरबोर्डची २४ पिनची, प्रोसेसरची आणि ग्राफिक्स कार्डाची वीजजोडणी पूर्ण काढलेली असावी. फक्त पंपाची तार पॉवर सप्लायला जोडलेली राहू द्यावी. पॉवर सप्लाय मदरबोर्डाशिवाय सुरू करण्यासाठी २४ पिनच्या जोडावर बसणारा तयार जंपर मिळतो. तारेच्या तुकड्याने पिना जोडण्यापेक्षा तो बरा. प्रत्येक फिटिंगखाली पांढऱ्या टिश्यू पेपरची घडी ठेवावी. रिझर्व्हायर पाऊण भरून पंप दोन-तीन सेकंद चालवावा, पातळी तळाला जाण्याआधी बंद करावा आणि पुन्हा भरावे. असे आठ-दहा वेळा करावे लागते. मग पंप सलग चालू ठेवून कॅबिनेट पुढेमागे आणि दोन्ही बाजूंना सावकाश तिरके करावे, म्हणजे रेडिएटरच्या कोपऱ्यात अडकलेली हवा खळखळत वर येते. यानंतर पंप पूर्ण रात्रभर चालू द्यावा. सकाळी प्रत्येक घडी बोटाने चाचपावी, कारण हलका ओलावा डोळ्यांना दिसत नाही. एक जरी घडी दमट लागली, तरी पाणी सोडून तो जोड उघडावा. डिस्टिल्ड वॉटर वीज वाहत नाही या भरवशावर मदरबोर्डला वीज देऊ नये. धातूला आणि धुळीला लागताच ते वीज वाहू लागते.

घड्या कोरड्या असतील, तरच सर्व जोडण्या कराव्यात. पंपाची वेग ठरवणारी तार मदरबोर्डावरच्या पंपासाठीच्या जागेला जोडून त्याचा वेग ६० ते ७० टक्क्यांवर कायम ठेवावा. रेडिएटरच्या पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानाला बांधू नये, कारण ते क्षणाक्षणाला उसळते आणि पंखेही तसेच उसळतात. फिटिंगमध्ये बसणारा तापमापक घेऊन पंखे पाण्याच्या तापमानावर चालवावेत. उन्हाळ्यात पाणी ४८ अंशांपर्यंत गेले तरी घाबरण्याचे कारण नाही. ६० अंश ही डी५ पंपाची मर्यादा आहे आणि तिच्या जवळही जाऊ देऊ नये.

पाण्यात शेवाळ आणि गंज रोखणारे तयार कूलंट, सांगितलेल्या प्रमाणातच, मिसळावे. चकाकणारी किंवा दुधाळ रंगाची कूलंट गाळ धरतात, ती टाळावीत. नळ्यांच्या भिंतींमधून थोडे पाणी उडून जाते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी रिझर्व्हायरची पातळी पाहावी. वर्षातून एकदा सगळे पाणी पांढऱ्या भांड्यात काढावे. त्यात हिरवट छटा किंवा तरंगते तुकडे दिसले, तर ब्लॉक उघडून मऊ टूथब्रशने खाचा साफ कराव्यात. कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या बाजूला कूलंटचे नाव आणि भरल्याची तारीख लिहिलेला कागद चिकटवून ठेवावा.