चेक इंजिन लाइट लागली? आधी कोड वाचा, पार्ट नंतर घ्या

सगळ्यात आधी हे बघा की लाइट नुसती पेटलीय की ब्लिंक होतेय. ब्लिंक होत असेल तर इंजिन जोरात मिसफायर करतंय (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये), न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर साफ करणारा पार्ट) तापवतं आणि त्याची वाट लावतं, आणि तो पार्ट खिशाला परवडणारा नाही, तेव्हा ॲक्सिलरेटर सोडा आणि गाडी बाजूला घ्या. नुसती पेटलीय, टेम्परेचर नॉर्मल, ऑइलची लाइट पण नाही, मग आरामात घरी जा.

गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड मोबाइलवर वाचायला एक ईएलएम ३२७ वाला ब्लूटूथ डोंगल घेऊन ठेवा, काही शे रुपयांत मिळतो (आयफोनवाल्यांनो, साधा ब्लूटूथवाला बऱ्याचदा चालत नाही, वायफाय किंवा बीएलई (कमी पॉवरचं ब्लूटूथ) वाला बघा). स्टिअरिंगच्या खाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात खोचा, इग्निशन ऑन करा, ॲपमध्ये कोड येतो. आणि आल्या आल्या क्लिअर दाबू नका राव! आधी स्क्रीनशॉट काढा, फ्रीझ फ्रेम पण बघा, म्हणजे कोड लागला तेव्हा स्पीड, आरपीएम, इंजिनचं तापमान किती होतं ते त्यात असतं, क्लिअर केलं की ते पण पुसलं जातं.

आता मुद्दा असा की कोड फक्त तक्रार सांगतो, कुठला पार्ट गेलाय ते नाही. पी ०३०२ म्हणजे दोन नंबर सिलिंडर मिसफायर, बास. कॉइल (प्लगला स्पार्कसाठी करंट देणारी) असेल, प्लग असेल, इंजेक्टर असेल, कॉम्प्रेशन पण असू शकतं. माझ्या गाडीला हाच कोड आला तेव्हा मला थेट चारही कॉइल बदला म्हणून सांगितलं होतं. मी घरी येऊन, इंजिन थंड असताना, दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावली, कोड क्लिअर करून एक चक्कर मारली तर कोड आला पी ०३०३. म्हणजे चूक कॉइलबरोबर सरकली, एकच कॉइल गेलेली. कोड दोनवरच राहिला असता तर हाच खेळ प्लगचा केला असता. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तरच हे जमतं हां.

पी ०१७१ आला की लोक ऑक्सिजन सेन्सर बदलतात, पण तो बिचारा फक्त सांगतोय की पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय. लाइव्ह डेटात लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय (प्लस) की कमी करतोय (मायनस). मास एअरफ्लो सेन्सरवाल्या (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) गाडीत आयडलला ट्रिम बराच प्लसमध्ये आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल तर कुठेतरी व्हॅक्यूम लीक आहे, म्हणजे न मोजलेली हवा आत शिरतेय, रबरी होस, इनटेकचं गॅस्केट चेक करा. उलट आरपीएम वाढवल्यावर ट्रिम पण वाढत असेल तर फ्युएल प्रेशर कमी पडतंय किंवा तो एअरफ्लो सेन्सर घाण झालाय, त्याच्यासाठीचा वेगळा क्लीनर स्प्रे मिळतो, कार्ब क्लीनर त्यावर मारू नका.

पी ०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नाही अशी तक्रार) ला पण तसंच, कन्व्हर्टर घ्यायच्या आधी एक्झॉस्ट कुठे लीक आहे का आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरची रीडिंग काय म्हणतेय ते बघा.

आणि हो, पावसाळ्यात एकदम तीन-चार असंबद्ध कोड आले तर आधी बोनेट उघडून वायरिंग बघा. उंदीर! नाहीतर कनेक्टरमध्ये पाणी, नाहीतर बॅटरी डाउन.

काम झालं की कोड क्लिअर करा आणि थोडे दिवस गाडी नेहमीसारखी चालवा, थंड स्टार्ट, ट्रॅफिक, हायवे सगळं. मग ॲपमध्ये मॉनिटर (गाडी स्वतःच्या करते त्या तपासण्या) रेडी झालेत का आणि पेंडिंगमध्ये (अजून पक्के न झालेले कोड) काही आलंय का ते बघा, मॉनिटर रेडी नसतील तर लाइट गेली म्हणून अजून पेढे वाटू नका.