जनरेटर घेण्यापूर्वी मोटारींचा हिशेब करावा

वैशाखातील वादळाने गावाची वीज गेली की दिवे-पंख्यांपुरता बेतून घेतलेला जनरेटर फ्रीज किंवा विहिरीवरची मोटार सुरू करताच बंद पडतो. म्हणून एकाच वेळी चालवायच्या सर्व उपकरणांच्या वॅटची बेरीज करावी आणि त्यांतील सर्वांत मोठ्या मोटारीचे वॅट तिप्पट धरावेत, कारण सुरू होताना मोटार क्षणभर कितीतरी पट अधिक वीज ओढते. १ एचपीची मोटार चालताना सुमारे १,००० वॅट घेते. म्हणजे केवळ तिच्यासाठी ३,००० वॅट हवेत. टाकी आधीच भरून ठेवता येत असेल, तर ही मोटार हिशेबातून सरळ वगळावी. मग कूलर, फ्रीज आणि दिव्यांना बराच लहान जनरेटर पुरतो.

जनरेटर पडवीत किंवा खिडकीजवळ कधीही चालवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपेतच जीव घेऊ शकतो.